उस्तादांचा कान

बाबांचा मोटरच्या आवाजावर जेवढा विश्वास होता, तेवढा पोटच्या मुलीवरही नव्हता. रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांच्या शर्यतीत मोटर लावायचे ते आणि गाडी चालवायचे मी. मोटरचं मागचं झाकण केसभर फिरवायचं, कान द्यायचा, पुन्हा फिरवायचं. झाकण पुढे सरकवलं की मोटर बारीक सुरात किंचाळते. तो सूर मनासारखा लागला की बाबा स्क्रू आवळायचे. कोलशेतच्या मैदानावर सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. शर्यतीआधी प्रत्येक जण आपली मोटर त्यांच्या कानाशी धरायचा, देवाला नैवेद्य दाखवावा तशी.

गेल्या वर्षी मात्र आमची गाडी अर्ध्या शर्यतीतच दमायला लागली. मोटरला हात लावला की चटका बसायचा. दोन-तीन तर जळाल्याच. "हल्लीच्या मोटरीच मंद," बाबा म्हणायचे. एकदा मैदानावर कुणीतरी हसत म्हणालं, "काका, आता आराम करा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय बिघडलंय ते शोधल्याशिवाय गप्प बसायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

म्हणून घरी डायनो आणला. साधं यंत्र आहे ते. मोटरला एक जड चाक फिरवायला लावायचं, ती किती जोर काढते त्याची रेघ लॅपटॉपवर उमटते.

"अगं, मोटरचा ईसीजी काढणार का आता?" बाबा म्हणाले.

"हो. तुम्ही लांब बसा."

ते खरंच बाल्कनीत जाऊन बसले, फुरंगटून.

त्यांनी लावलेली नवी मोटर मी चाकाला जोडली. रेघ जेमतेम वर चढली आणि मोटर तापली. झाकण जरा मागे घेतलं, जोर वाढला. आणखी मागे घेतलं, आणखी वाढला. बाबांनी झाकण फारच पुढे नेलं होतं. पण बाबा असे चुकतील? मला पटेना. मी त्यांना हाक मारली, झाकण त्यांनी लावलं होतं तिथेच परत नेलं आणि चाक काढून मोटर नुसती फिरवली.

"आता बघा, सूर लागलाय का?"

त्यांनी कान जवळ आणला. "कुठे लागलाय? अजून सरकव."

तेवढ्यात आई दोन्ही कानांत बोटं घालून स्वयंपाकघरातून धावत आली. "बंद करा रे ते! डोकं फुटेल माझं!"

बाबा तिच्या बोटांकडे बघत राहिले. मी मोटर बंद केली. मला रडूच आलं, पण मोटरच खराब आहे असं खोटं सांगावंसं वाटलं नाही.

"म्हणजे मोटरी बऱ्या होत्या," ते म्हणाले.

"हो, बाबा."

मग त्यांनी चष्मा लावला आणि खुर्ची लॅपटॉपपुढे ओढली. "ही रेघ कशी वाचायची, दाखव."

रविवारी आम्ही डायनो मैदानावर नेला. नेहमीसारखी एकाने मोटर त्यांच्या कानाशी धरली. मी मधे पडणार होते. बाबांनी त्याचा हात धरून खाली केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कान गेला माझा. आण इकडे, चाकाला लावू."