कांदेनवमीची भजी

आषाढातली कांदेनवमी होती. चातुर्मासात आमच्याकडे कांदा वर्ज्य, म्हणून टोपलीतला उरलासुरला कांदा त्या दिवशी संपवायचा. झाशीत हा सण आम्हा मोजक्या मराठी घरांपुरताच. बाकी गल्लीला वाटतं, हे लोक कांद्याचीही पूजा करतात. मी सकाळीच भज्यांचा घाणा काढला होता आणि स्वयंपाकघराच्या दाराआड पाटावर शेजारचे वामनराव बसले होते. दरवर्षी ते तिथेच बसायचे. चारचौघांत कांदा खायची त्यांना सोय नव्हती.

तेवढ्यात कडी वाजली. वामनरावांनी हातातलं भजं ताटलीत टाकलं आणि ताटली पाटामागे सरकवली. साठीला आलेला, रेल्वेच्या कचेरीत जन्म घालवलेला माणूस, पण चोरून चिंचा खाणाऱ्या पोरासारखा.

अर्थात सगळा जन्म कचेरीत गेला नव्हता. मूकपटांच्या काळात ते घरातून पळून पुण्याकडे गेले होते. रंग कालव, पडदे ओढ, असं करत करत दिग्दर्शक झाले. त्यांच्याच एका चित्रात साधूचं काम करणारा नट ऐन वेळी रुसून निघून गेला, तेव्हा यांनी स्वतः दाढी चिकटवली. साधू मेलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवतो आणि मूल उठून बसतं, एवढाच प्रसंग. पण लोक पडद्यापुढे नारळ फोडू लागले. पुढच्या चित्रात वामनराव दारुडा झाले, तर प्रेक्षक उठून गेले. मग साधूशिवाय दुसरं काम कुणी देईना. दिग्दर्शन मागितलं की मालक म्हणायचे, महाराज, तुम्ही नुसते उभे राहा. बोलपट आले, कंपनी बुडाली, हे झाशीला परतून कारकून झाले. वाटलं, सुटलो.

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी तेच जुनं चित्र जवळच्या एरच गावच्या जत्रेत तंबूत लागलं. दाढी नव्हती तरी डोळ्यांवरून कुणीतरी ओळखलं, आणि खंडेराव गेटच्या आमच्या गल्लीत तापाने फणफणलेली पोरं येऊ लागली. पहिल्या पोराच्या कपाळावर वामनरावांनी भिडेखातर हात ठेवला. ते बरं झालं, होणारच होतं. पुढे एक गेलं. त्याची आई येऊन म्हणाली, हमारी ही भक्ती में खोट थी, महाराज. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते म्हणायचे. तेव्हापासून त्यांनी हात ठेवणं बंद केलं होतं.

मी दार उघडलं. ओरछा गेटकडची कुणी बाई होती. खांद्यावर चारेक वर्षांचा मुलगा, मान टाकलेला. त्याची धाप मला उंबऱ्यातून ऐकू येत होती. महाराजांच्या घराला कुलूप होतं, म्हणून शेजाऱ्यांनी तिला आमचं दार दाखवलं होतं. माझ्या दिराला, यशवंतला, टांगा आणायला पिटाळून, आधी सरकारी दवाखान्यात ने, असं मी तिला परोपरीने सांगितलं. ती खालीच बसली. पहिले महाराज का हाथ, मग तुम्ही म्हणाल तिथे.

वामनराव बाहेर आले. तिच्यासमोर उकिडवे बसून समजावू लागले. तो खेळ होता, बेटी. चित्रातलं ते मूल पडून राहायला कंटाळायचं, म्हणून मी तळहातात पेढा लपवला होता. हात कपाळावरून नाकाशी आणायचा, वास आला की त्याने उठायचं, असं ठरलं होतं. ते पेढ्यासाठी उठलं, माझ्यामुळे नाही.

बाईने सगळं मन लावून ऐकून घेतलं. मग पदर पसरला.

"तो वोई पेड़ा दै दो, महाराज."

एरवी मला हसू फुटलं असतं. वामनरावांच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता, तोही तिला जाणवला नव्हता. मुलाचे डोळे पांढरे झाले.

वामनराव उठले. पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली, उजवा हात सावकाश उचलला गेला. ते चित्र मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी आमच्या ओसरीत पाहिलं. फक्त ह्या साधूला आवाज होता.

"अस्पताल ले जा. अभी. डॉक्टर के हाथ में हमारा हाथ है."

ती क्षणात उठली, त्यांच्या पाया पडली आणि टांग्यात जाऊन बसली. सोबत मी यशवंतला पाठवलं.

टांगा वळेपर्यंत वामनरावांचा हात तसाच वर होता. वाचेल हो पोरगं, मी म्हटलं. वाचू दे, ते म्हणाले, पण डॉक्टरचं नाव कोण घेणार आहे? आता मरेपर्यंत दाढी निघायची नाही.

आत येऊन ते पाटावर बसले नाहीत. त्यांनी ताटली उचलली. भजी गार झाली होती. मी नेहमीच्या सवयीने बाहेरचं दार लोटायला गेले.

"सरलाबाई, दार उघडं राहू द्या. आज मला दारात बसून खायची आहेत."