भांडून पारखलेला फोन

त्या फोन विकणाऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. खिशात टेस्टर, आणि बसायच्या आधी रुमालाने खुर्ची पुसायची सवय, एवढं लक्षात आहे.

उल्हासनगरचं माझं ऑफिस आणि अंबरनाथचा शिलाईचा कारखाना, यांच्यात मला इंटरनेटचा फोन हवा होता. आधीच्या विक्रेत्याने असाच एक गळ्यात मारला होता. दाखवताना ‘हॅलो, हॅलो’ गोड ऐकू आलं. नंतर मी तापून बोलू लागलो की समोरच्याचा आवाजच गायब! तो राग मी या माणसावर काढला.

तो रुमालाची घडी घालत म्हणाला, “शेठ, हॅलो काय, कुठल्याही फोनवर ऐकू येतं. भांडून बघा.”

“कोणाशी?”

“माझ्याशी. मी अंबरनाथला जातो, तुम्ही भाव पाडा.”

ऑफिसात एक महागडा आणि एक स्वस्तातला असे दोन फोन लावून, त्यांच्या जोडीचे दोन घेऊन तो अंबरनाथला गेला. तासाभराने महागडा फोन वाजला. दोघं एकदम बोललो की एकाचा आवाज बुडायचा. “हा नको,” तोच म्हणाला.

मग स्वस्तातला वाजला.

“लुटायला निघालायस काय?” मी ओरडलो.

“तुमच्यासारख्याला कोण लुटणार शेठ!” तोही त्याच वेळी ओरडला.

शब्द न् शब्द पोचला. मी भाव पाडत राहिलो, आणि त्याचं ‘नाही’ मला सात वेळा स्वच्छ ऐकू आलं. आठव्यांदा तो खो खो हसला, तेही.

“लाव हाच,” मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी पुरा भाव दिला, आणि दिवसभर खुशीत होतो. इतकं मनसोक्त मला कोणी भांडूच दिलं नव्हतं.