उषाबाईंच्या घरची समाप्ती

चांगली बातमी घेऊन कुणी दारात आलं, की उषाबाई आधी सावध व्हायच्या. वाईट बातमीचं त्यांना एवढं काही वाटत नसे. ती कधी ना कधी येणारच असते, आली की पदर खोचून कामाला लागायचं. चांगली बातमी मात्र आपल्याकडून काय मागायला आली आहे, ते लवकर कळत नाही. म्हणून घनसावंगीच्या कॉलेजातल्या प्रीती मॅडम ओट्यावर बसून हसत म्हणाल्या, "काकू, गुरुजींची कादंबरी सगळ्या गावानं मिळून वाचायची, असं आम्ही ठरवतोय," तेव्हा उषाबाईंच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि निम्म्या शेंगा ओट्यावर पसरल्या.

गुरुजी म्हणजे उषाबाईंचे मालक, धर्मराज गुरुजी. चिंचपाडळीच्या शाळेत त्यांनी जन्मभर पोरांकडून पाढे घोकून घेतले आणि एक कादंबरी लिहिली, 'पल्याडचं गावठाण'. औरंगाबादच्या एका छोट्या प्रकाशकानं ती छापली, चार लोकांनी वाखाणली, दोन ठिकाणी सत्काराचे नारळ मिळाले आणि मग ती जी विस्मरणात गेली ती गेलीच. घरातल्या प्रती वाळवीनं खाल्ल्या. गुरुजी वारले तेव्हा गावाला त्यांची छडी आठवली, कादंबरीचं नाव कुणी काढलं नाही. आता या मॅडमना जालन्याच्या एका जुन्या वाचनालयात तिची एक प्रत सापडली होती, आणि असा लेखक आपल्या शेजारच्या गावात होऊन गेला नि आपल्याला पत्ता नाही, या विचारानं त्यांना चैन पडत नव्हतं.

"तुम्ही तर कितीदा वाचली असेल," मॅडम म्हणाल्या.

"हो, मंग," उषाबाई म्हणाल्या.

साफ खोटं. उषाबाई सातवी शिकलेल्या, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या, पण त्या पुस्तकाचं एक पान त्यांनी उलटलं नव्हतं. पुस्तक छापून आलं तेव्हा गुरुजींचे एक स्नेही चहा पिता पिता म्हणाले होते, "वहिनी, तुम्हाला बराबर उतरवलंय बरं का यानं." सगळे हसले होते. उषाबाईही हसल्या आणि आत चुलीपाशी जाऊन बसल्या. कारण आपल्याला बरोबर उतरवायचं तर एक संध्याकाळ त्यात येणार, हे त्यांना तिथंच कळलं होतं.

ती संध्याकाळ त्यांनी आजवर कुणालाही सांगितली नव्हती. राधेश्याम तेव्हा पाळण्यात होता. सासूचं तोंड सकाळपासून सुरू व्हायचं, आणि गुरुजी शाळेतून आले की कागदात डोकं खुपसून बसायचे ते बसायचेच. आठ-आठ दिवस शब्द नाही. घरात माणसं होती, पण बोलायला भिंत. एके दिवशी उषाबाईंनी पोराला पाजलं, झोपवलं, लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि मंठ्याकडच्या माहेरी जायला एकट्याच फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. पोराला घेतलं नाही. घ्यायचं राहिलं नव्हतं, घेतलंच नव्हतं. गाडी आली नाही. अंधार पडायच्या आत त्या परत आल्या. पोर अजून झोपलेलं होतं. त्यांच्यामागून थोड्या वेळानं गुरुजी आले, पायांवरची धूळ धुतली, भाकरी मागितली. त्यांना काही कळलं होतं की नव्हतं, हे उषाबाईंना कधी समजलं नाही. पुस्तक उघडलं असतं तर समजलं असतं. म्हणून तर त्यांनी ते उघडलं नव्हतं.

आता राधेश्याम जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत होता, बायको आकांक्षाही तिथंच होती. कुठंही चार माणसं बसली की तो सांगायचा, "आमच्या आईनी मला एक दिवस नजरेआड होऊ दिलं न्हाई." हे वाक्य आलं की उषाबाई काहीतरी आणायला आत जायच्या.

मॅडमच्या मनात होतं की शाळेत खुर्च्या मांडाव्यात, आळीपाळीनं वाचावं, मग चर्चा करावी. पण चार माणसांनी मिळून पुस्तक वाचायचं म्हणजे कसं, याची चिंचपाडळीला एकच रीत ठाऊक. मारुतीच्या मंडपात पाट मांडला, त्यावर लाल कपडा घातला, कपड्यावर कादंबरी ठेवली आणि कुणीतरी तिला हळदकुंकूसुद्धा वाहिलं. एकानं वाचायचं आणि भागवत आबांनी अर्थ सांगायचा, कारण श्रावणातल्या पोथीचा अर्थ दरवर्षी तेच सांगतात. सात दिवसांचा सप्ताह ठरला. मॅडमनी आधी कपाळाला हात लावला, मग त्याही मांडी घालून बसल्या.

"एक गोष्ट ध्यानात असू द्या," आबा पहिल्याच दिवशी म्हणाले. "लावलेली पोथी अर्धी ठिवत न्हाईत. अन् समाप्तीचा अध्याय ज्याची पोथी त्याच्याच घरी, घरच्याच माणसानं वाचायचा. तवा शेवटचा अध्याय वहिनी वाचतील."

गावानं माना डोलावल्या. उषाबाईंनीही डोलावली, दुसरं काय करणार?

अर्थ सांगायची आबांची पद्धत मोठी धोक्याची. पोथीत लिहिलेलं घडलेलं असतं, यावर त्यांचा पक्का विश्वास. मग कादंबरीतलं तरी खोटं कसं असेल? प्रत्येक परिच्छेद संपला की ते चष्मा कपाळावर चढवायचे. "आता हा सावळाराम कोण? तर हा आपल्या कल्याणचा आजा. ह्यानीच शेताच्या धुऱ्याचा दगड सरकावला व्हता." मंडपात हशा पिकायचा आणि कल्याण दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेत बसायचा. पण यायचा मात्र. सगळेच यायचे. रोज गर्दी वाढत होती, आपल्या घरातलं कोण निघतंय ते बघायला बायका स्वयंपाक आटपून आधीच जागा धरत होत्या. ज्या गावानं गुरुजींना छडीपुरतं लक्षात ठेवलं होतं, ते गाव आता चहाच्या टपरीवर त्यांच्या वाक्यांवर भांडत होतं.

दुसऱ्या दिवशी गोष्टीत गोदू आली. मास्तराची बायको, भाकरी थापताना गुणगुणणारी, सासूपुढं मान खाली घालणारी. आबांनी चष्मा वर केला.

"ही गोदू म्हंजे आपल्या वहिनी. बिलकुल त्याच."

सगळ्या माना वळल्या. उषाबाईंनी पदर सारखा केला. घरी जाताना शेजारची चांगुणाबाई त्यांचा हात धरून म्हणाली, "किती सोसलंस गं माय तू. आम्हाला काय ठाव." उषाबाईंना त्या मायेनं बरं वाटायला हवं होतं, पण त्यांनी हळूच हात सोडवून घेतला. आज गोदूनं सोसलं म्हणून त्यांनी सोसलं. उद्या गोदू जे करील, तेही त्यांनीच केलेलं ठरणार होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी आबांना गाठलं.

"आबा, पुरे करा आता. माझं डोकं दुखून राह्यलंय रोज."

"वहिनी, तुम्ही घरी पडून राहा. पण पोथी कशी थांबवावी? गावाला लागंल ते. अन् खरं सांगू का? मलाच रात्री झोप येत न्हाई, पुढं काय व्हतंय म्हणून."

ज्याची झोप पुढच्या गोष्टीपायी उडाली, त्याला काय सांगणार? उषाबाई घरी आल्या आणि राधेश्यामला फोन लावला. काम असेल तर समाप्तीला येऊ नको, उगं सुट्टी कशाला घालवतो, असं इकडून तिकडून चार वेळा सांगून पाहिलं.

"आई, काय बोलून राह्यली तू?" तो म्हणाला. "अण्णांचं पुस्तक, वाचणार तू, अन् मी कंपनीत बसू? आकांक्षालाबी घेऊन येतो."

सहाव्या दिवशी मॅडमनी सरावासाठी म्हणून शेवटच्या अध्यायाची झेरॉक्स आणून दिली. उषाबाईंनी ती देवघरात ठेवली, मग ज्वारीच्या कोठीवर, मग गादीखाली. शेवटी दार लोटून घेऊन त्यांनी घडी उलगडली आणि पहिली ओळ वाचली. 'गोदू फाट्यावर आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं.'

त्यांनी कागद पुन्हा घडी करून ठेवला. पुढचं वाचायची गरजच नव्हती. म्हणजे कळलं होतं तर. इतकी वर्षं एका ताटात जेवणाऱ्या माणसाला कळलेलं होतं, आणि तो भाकरी मागत राहिला होता. त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. आजारी पडावं, चष्मा फोडावा, असले पोरकट विचार येऊन गेले. पण आपण नाही वाचलं तर दुसरं कुणी वाचेल, आणि आबा चष्मा कपाळावर चढवून अर्थ सांगतील, हे काही चुकत नव्हतं.

समाप्तीला अंगण भरलं, ओटा भरला, माणसं रस्त्यावर उभी राहिली. राधेश्याम दुपारीच आला होता आणि आल्यागेल्याला पाणी देत होता. मग तो अगदी समोर, आकांक्षाशेजारी येऊन बसला आणि आईकडं कौतुकानं बघू लागला. उषाबाईंनी पाटावरचं पुस्तक उचललं. चष्मा पदरानं दोनदा पुसला. लोकांना वाटलं, म्हातारीला भरून आलंय.

"गोदू फाट्यावर आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. तिनं हापशावरून ओंजळभर पाणी घेतलं. प्यायली नाही, पायांवर ओतलं."

बरोबर. पाय पोळले होते.

"तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. तिनं गवताची एक काडी खुडली आणि त्यात खोवली. काडी मोडली. तिनं दुसरी घेतली."

उषाबाई थांबल्या. काडीचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्या स्वतःसुद्धा विसरून गेल्या होत्या. हे ऐकून लिहिलेलं नव्हतं, पाहून लिहिलेलं होतं. फाट्यावर तेव्हा बाभळी होत्या. म्हणजे हा माणूस बाभळीआड उभा होता. दुसरी काडी घेईपर्यंत, दिवस बुडेपर्यंत उभा होता, आणि त्यानं हाक मारली नाही. उषाबाईंना आधी राग आला, इतका की अक्षरं दिसेनात. एक हाक मारायला काय जात होतं? मग आठवलं, घरी येऊन ते पाय धूत होते. धूळ घोट्याच्या वर होती. तेवढी धूळ शाळेच्या वाटेवर कधी लागत नसे.

"वाचा वहिनी," आबा हळूच म्हणाले.

त्या वाचू लागल्या. आता पुढं ते येणार होतं, घरी झोपलेलं लेकरू. राधेश्याम पुढं झुकून ऐकत होता.

"गाडी आली. गोदू चढली. खिडकीशी बसून तिनं पोराला मांडीवर घेतलं आणि पदरानं त्याचं ऊन अडवलं. गाडी सुटली. गावठाण मागं पडलं, तरी तिनं वळून पाहिलं नाही. आणि बाभळीखाली उभ्या असलेल्या मास्तराला वाटलं, बरं झालं."

पुस्तक संपलं. आबांनी सवयीप्रमाणे चष्मा वर केला, खाली घेतला आणि पुन्हा वर केला.

"आता ह्याचा अर्थ असा," ते म्हणाले. "आपल्या वहिनी काही घर सोडून गेल्या न्हाईत. त्या तर ह्या इथं बसल्यात. तवा एवढं एक गुरुजींनी पदरचं घातलं. बाकी पोथी खरी, शेवटाला तेवढी मनाची."

अंगणानं सुटकेचा निःश्वास टाकला. बायका डोळे पुसत हसल्या. राधेश्यामही हसला. "मंग काय," तो म्हणाला, "आमची आई कुठं जाती."

झालं. सात दिवस ज्याची धास्ती घेतली ते टळलं होतं. उषाबाईंनी नुसतं पुस्तक मिटायचं होतं, आरतीला उठायचं होतं. प्रसादाचं पातेलं समोरच होतं. त्यांनी मिटलंही. पण बाभळीआड उभं राहून त्या माणसानं जी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती, तिलाच गाव मनाची म्हणत होतं. ते त्यांना सहन होईना.

"पदरचं न्हाई आबा," त्या म्हणाल्या. "मी गेल्ते."

आरतीचं ताट घेऊन उठलेली चांगुणाबाई तशीच उभी राहिली.

"फाट्यावर गेल्ते. काडीबी खरी. फक्त गाडी आली न्हाई त्या दिवशी. आली असती तर बसले असते." मग त्यांनी राधेश्यामकडं पाहिलं, कारण आता न बघून चालणार नव्हतं. "अन् तू मांडीवर नव्हतास. तुला घरी झोपवून गेल्ते."

प्रीती मॅडम मान खाली घालून बसल्या होत्या. राधेश्याम उठला, आईच्या हातातून त्यानं पुस्तक घेतलं, शेवटचं पान उघडलं आणि उभ्याउभ्या वाचलं. एकदा वाचून त्यानं पुन्हा वरून सुरुवात केली.

"ह्यात तर मी तुझ्या मांडीवर हाय," तो म्हणाला.

"ते तुझ्या बापानी बसवलं. मी न्हाई."

त्यानं पुस्तक मिटून पाटावर ठेवलं. आरती झाली, कशीबशी झाली. प्रसाद वाटला गेला. जाताना माणसं रीतीप्रमाणे पुस्तकाला हात लावून पाया पडली, मागच्या रांगेतला कल्याणसुद्धा. दोघा-तिघांनी मॅडमकडं झेरॉक्स मागितली. चांगुणाबाईनं जाण्याआधी उषाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला.

अंगण रिकामं झालं. बाहेर घनसावंगीची शेवटची जीप हॉर्न वाजवत होती. आकांक्षा पिशव्या घेऊन दारात उभी होती. उषाबाई चुलीपाशी बसून होत्या. राधेश्याम बाहेर गेला. जीपवाल्याशी त्याचं काहीतरी बोलणं झालं, ते त्यांना ऐकू आलं नाही. मग जीप निघून गेल्याचा आवाज आला.

आता गेला, असं त्यांना वाटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आई," राधेश्याम दारातून म्हणाला, "आम्ही उद्या जातो. भाकरी टाक."

तो काय विचारणार होता, कुणास ठाऊक. बापानंही त्या दिवशी हेच मागितलं होतं आणि पुढं कधीच काही विचारलं नव्हतं. उषाबाईंनी परात पुढं ओढली, पीठ घेतलं.

"इथं बस," त्या म्हणाल्या. "भाकरी व्हईपस्तोर विचार काय विचारायचं ते."

राधेश्याम चुलीपाशी येऊन बसला.