शेठजींच्या कानाने

सत्तरच्या दशकात आमच्या रिठदला एकच फोन होता आणि तो शेठजींच्या किराणा दुकानात होता. म्हणजे सगळ्या गावाचाच. लग्नाच्या पत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर सगळे तोच नंबर देत आणि पुढे पी.पी., म्हणजे दुसऱ्याकडचा फोन, असं लिहीत. आम्हीही देत होतो. फरक एवढाच की पाटील मंडळी आत गादीवर बसून बोलत आणि आमच्या बौद्धवाड्यातल्यांनी बाहेर ओट्यावर उभं राहायचं. रिसीव्हरची तार ओट्यापर्यंत पुरत नाही, असं शेठजी फार हळहळून सांगत. तीच तार पाटलांच्या तक्क्यापर्यंत मात्र ऐसपैस पुरायची. मग आमचा फोन शेठजी स्वतः ऐकत आणि मोठ्यानं आम्हाला सांगत. दुसऱ्यासाठी किती त्रास घ्यावा माणसानं!

माझी मोठी बहीण धनजला दिलेली. महिन्यातून एकदा तिथल्या पोस्टातून तिचा फोन यायचा. माय हातातलं काम टाकून पळायची. शेठजी रिसीव्हर कानाला लावून म्हणत, "मजेत हाये म्हनते. तुमी कशे आहा, इचारते." माय म्हणायची, "बरे आहो म्हना." तेल घ्यायला आलेली चार माणसं समाधानानं माना डोलवत. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. दिवाळीला बहीण आली तीही सासूबरोबर, दोन दिवस. पत्रं सासरच्यांच्या हातून पेटीत पडायची. लेकीचं बोलणं एकदा तरी आपल्या कानानं ऐकावं, एवढंच मायला हवं होतं.

पुढे गावच्या पोस्टात फोन आला. तिथे कोणीही आत जावं, रिसीव्हर हातात घ्यावा, बोलावं. मला वाटलं, आता शेठजींचा ओटा ओस पडणार. मी तेव्हा मॅट्रिकला होते, त्यामुळे मला असं बरंच काही वाटायचं. कोणी हललं नाही. पोस्टमास्तर जेवायला गेले की तिथला फोन बंद. पाहुण्यांना जुनाच नंबर पाठ. एका काकांनी तर सांगितलं, "तिथं कोनी आयकतच नाही, मंग बोलाची मजा काय?"

आमचे बाबाही हटून बसले. छप्पन सालच्या दीक्षेनंतर सगळे देव एका दिवसात घराबाहेर काढलेला हा माणूस, पण शेठजींचा नंबर सोडायला तयार नव्हता.

"शेठ काय म्हनन?" बाबा म्हणाले.

"काय म्हनाचं ते म्हनू द्या," माय म्हणाली. "मले माह्या पोरीसंग बोलाचं हाये."

एका सोमवारी ती मला घेऊन सरळ पोस्टात गेली. धनजच्या पोस्टात बहिणीला बोलावून घ्यायचा निरोप देऊन कॉल लावला आणि आम्ही दोन तास बाकावर बसून राहिलो. लाइन लागली. मायनं रिसीव्हर उलटा धरला, पोस्टमास्तरांनी सरळ करून दिला. मी बाजूनं कान लावला. रिठदचा फोन म्हणजे शेठजीच असणार, म्हणून बहीण पाठ केल्यासारखी एका दमात म्हणाली, "शेठजी, मायले सांगा मी मजेत आहो. काळजी करू नको म्हना."

"मी माय आहो वं. मीच आयकून राह्यली."

पलीकडून रडणं आलं.

"माय, मले घिऊन जा. हे लोक मले मारतेत."

"मंग इतके दिवस सांगतलं काहून नाही?"

"कोनाले सांगू माय? शेठले?"

मध्येच ऑपरेटरनं विचारलं, तीन मिनिटं झाली, वाढवायची का? माय म्हणाली, "नोको. आता मीच जातो तिले आनाले."

आम्ही घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. खरं सांगते, मला त्या दिवशी शेठजींपेक्षा आमचाच जास्त राग आला. बाबा खाटेवर बसले आणि हळूच म्हणाले, "मंग दीड वर्ष तिथं उभं राहून आपन आयकलं काय?"

माय पिशवीत लुगडं कोंबत होती. तिनं वर पाहिलं नाही. "एस्टी किती वाजता हाये, ते पाहून या," एवढंच म्हणाली.