टाचणीचा बोर्ड

दोन माणसं आणि एक किडा एवढाच संसार, तरी आमच्या ऑफिसात फाइलींपेक्षा किस्से जास्त साठलेत. फाइलींना निदान वाळवी लागते!

ऑफिस म्हणजे महाडमधली एक खोली. माणसं म्हणजे जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक असलेले आमचे सर, आणि मी. किडा म्हणजे टाचणी, चतुराची नाजूक बहीण. सावित्रीच्या खाडीकाठी मचूळ पाण्याचं एक दलदलीचं खाजण आहे. तिथल्या लव्हाळ्यावर ही निळी टाचणी उरलीय. दुसरीकडे कुठे आम्हाला तरी सापडलेली नाही.

*

पहिल्याच मोजणीच्या दिवशी मुलीला ताप होता. तिला सासूबाईंकडे सोडून मी गुडघाभर चिखलात. लांबून सरांनी विचारलं, "किती झाल्या?"

"सात!"

"वा! सगळ्या टाचण्या?"

"नाही सर. घरचे मिस्ड कॉल."

*

खाजणात खेकडे धरणाऱ्या सुमनमावशी आमच्या रोजच्या प्रेक्षक. एकदा म्हणाल्या, "ही वाचली तर आमाला काय गो बाय?"

मी एमेस्सीतलं सगळं ज्ञान ओतलं. टाचणी डास खाते, डास कमी तर आजार कमी, वगैरे. मावशींनी शांतपणे दंडावर चापट मारली आणि तळहात माझ्यापुढे धरला.

"मग ह्यो तिला दिसला नाय वाटतं!"

*

खाजण राखून ठेवा, असा अर्ज घेऊन आम्ही एका साहेबांकडे गेलो. साहेब भले. म्हणाले, "बिरवाडीकडे एक तळं रिकामं आहे. तिकडे शिफ्ट करा ना."

सर म्हणाले, "टाचण्यांना थोडं खारं पाणी लागतं."

"मग मीठ टाका की!"

बाहेर आल्यावर सरांनी अर्जाची प्रत पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "दोष माझाच असेल. माझ्याच शाळेत होता."

*

शेवटी बोर्ड मंजूर झाला. टाचणीचा मोठा फोटो आणि खाली 'या अधिवासास धक्का लावू नये'. मजकूर माझा! उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी उत्साही मंडळींनी स्वच्छता मोहीम काढली. खुर्च्या मांडायला जागा हवी, म्हणून काठचा लव्हाळा साफ कापला. टाचणी अंडी घालते ती त्याच लव्हाळ्याच्या देठात.

पाहुणे म्हणाले, "किती स्वच्छ ठेवलंय!" मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

मावशी कापलेल्या गवताच्या भाऱ्यावर बसल्या होत्या. "अंडी ह्यातच म्हनालीस ना गो?"

तरी पलीकडच्या टोकाला थोड्या उरल्या. नंतरच्या मोजणीत अकरा. या वेळी टाचण्याच.

*

नदीतला गाळ काढा, म्हणजे महाडात पूर कमी भरेल, असं निवेदन घेऊन गल्लीतली मंडळी दारोदार फिरत होती. आमच्या घरात पूर शिरला तेव्हा मुलगी वीस दिवसांची होती. तिला टॉवेलात गुंडाळून आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर बसलो होतो. अजूनही पावसाळ्याआधी तिचे कपडे मी माळ्यावर चढवते.

मीही सही केली. त्यांचं पेन चालेना, तर मी माझं दिलं.

काढलेला गाळ टाकणार कुठे, हे मी विचारलं नाही. अधिवासावर निबंध लिहिलेली बाई मी!

*

मे महिन्यात मावशींचा फोन आला. "ये गो बाय. लवकर ये."

सासूबाई गावाला गेलेल्या, म्हणून मुलीला कडेवर घेऊनच गेले. खाजण दिसेचना. सावित्रीतला करडा गाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट पसरलेला, आणि मधोमध आमचा बोर्ड उभा. त्याच्याभोवती दोन हात जागा मोकळी सोडलेली. मुलगी फोटोकडे बघून ओरडली, "आई, ताचणी!"

डंपरवाला खाली उतरला. खांद्यावरच्या टॉवेलने त्याने बोर्डावरची धूळ पुसली आणि हसून म्हणाला,

"टेन्शन घेऊ नका, मॅडम. वाचला मी तुमचा बोर्ड. एवढ्या गाड्या खाली केल्या, पन त्याला धक्का लावला नाय!"