रेशनच्या रांगेत म्या गप्प बसलो

आपल्या भूम गावच्या गड्यांनो, हे पारावर सगळ्यांना वाचून दाखवा.

आज इथं पुण्यात रेशनच्या रांगेत होतो. माझ्यापुढं आमच्या चाळीतली शेवंतामावशी. तिची ज्वारी जोखताना दुकानदारानं तराजूला हळूच बोट लावलं. मला ते नीट दिसलं.

मावशी म्हणाली, "परत जोखा."

"न्यायची तर ने. मागं रांग आहे."

मावशी माझ्याकडं वळली. "तू तर बघितलंस की रं?"

पुढचा नंबर माझा होता. म्या खाली बघितलं. ती तेवढीच ज्वारी घेऊन गेली.

मग दुकानदारानं माझ्या पिशवीत मूठभर ज्वारी जास्तीची टाकली. ती म्या मुकाट्यानं घरी आणली.

मोर्चात म्या लई ओरडतो. आज नुसतं "व्हय" म्हणायचं होतं, तेवढं झालं न्हाय. तुमच्यातलं कोण म्हणलं असतं?