विष पचवलेला पुंजका

तिसगावची यशोधरा नगरच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत पेशी वाढवते. आईवडील ऊसतोडीला कोपरगावकडे जायचे, तेव्हा ती वसतिगृहात राहून शिकली.

कंपनीला हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी रक्त गोठवणारं प्रथिन हवं होतं. यशोधरानं त्याचं जनुक, पेशीला विषापासून वाचवणाऱ्या दुसऱ्या एका जनुकाला जोडून, हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घातलं, पण प्रथिन नावापुरतंच निघायचं. मग तिनं पेशींना मेथोट्रेक्सेट हे मारक औषध हळूहळू वाढवत दिलं. त्यातून वाचायला पेशीला त्या बचावाच्या जनुकाच्या खूप प्रती कराव्या लागतात, आणि त्याला जोडलेलं प्रथिनाचं जनुकही सोबत वाढत जातं.

बहुतेक पेशी मेल्या.

"सोड आता," लॅबचे साहेब म्हणाले.

"एक पुंजका जिवंत आहे, सर. तेवढा वाढवून बघते."

पुंजका वाढला. तपासणीत प्रथिन पहिल्याच्या चाळीसपट निघालं. साहेबांनी पुन्हा मोजायला लावलं, तरी आकडा तोच आला. अख्ख्या लॅबनं टाळ्या वाजवल्या.

तिनं लगेच आईला फोन करून सगळं सांगितलं.

"म्हंजी इख पचवून वाढल्या व्हय गं त्या?" भीमाबाईंनी विचारलं.

"व्हय आई, लई वाढल्या!" यशोधरा व्हरांड्यातच ओरडली.